परके, गडी आणि परवाना

वाणगाव स्टेशनात उतरून समुद्राकडे निघालं की दोन्ही बाजूंना मिरचीची शेतं आणि भाज्यांच्या रोपवाटिका लागतात, आणि थोड्याच वेळात चिंचणी गाव येतं. गावाचं नाव आज तारापूरच्या अणुवीज केंद्राचा शेजारी म्हणून ऐकू येतं. इतिहासाच्या अभ्यासकांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९५५च्या सुमारास इथे जमिनीतून ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत जुना पट शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा. राज्य राष्ट्रकूटांचं, गादीवर तिसरा इंद्र. पटात ज्या ‘संयान’ मंडलाचा उल्लेख आहे ते म्हणजे आजचं संजाण आणि त्याच्या भोवतीचा, डहाणू-तलासरीला लागून असलेला किनारा.

हे मंडल कोणाच्या ताब्यात होतं? पट सांगतो की दुसऱ्या कृष्णाने ते मधुमती नावाच्या ‘ताजिक’ माणसाकडे सोपवलं होतं. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप असावं, असं अभ्यासकांनी ओळखलं आहे. या अरबाने राजाच्या वतीने किनाऱ्यावरची बंदरं काबूत आणली, दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली, आणि संजाणला अन्नछत्र घातलं. तिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेसाठी जमिनीचं दान झालं तेही याच मधुमतीच्या पुढाकाराने आणि राजाच्या संमतीने.

अकराशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेला माणूस या पट्टीत नोकरीला होता, ती नोकरी त्याला राजाने दिली होती, आणि तिची नोंद तांब्यावर कोरली गेली. डहाणू-तलासरीच्या इतिहासात कोणाचं काम कागदावर आलं आणि कोणाचं आलं नाही, याचा शोध घ्यायचा तर सुरुवात चिंचणीपासूनच करावी लागते. कारण त्या पटात राजा आहे, अरब अधिकारी आहे, ब्राह्मण आहे, दिलेली जमीन आहे. ती जमीन कसणाऱ्या हातांचं नाव नाही.

संजाणच्याच नावाशी दुसरी एक हकीकत जोडलेली आहे. इराणातून निघालेले झरथोष्टी याच किनाऱ्याला लागले. त्यांच्या आगमनाची कथा ‘किस्से-संजाण’ या फारसी काव्यात आहे. ते नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने १५९९च्या सुमारास लिहिलं, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द इतिहास मानता येत नाही. तरी त्यात स्थानिक राजाने घातलेल्या अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. तुमचा धर्म काय ते समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. दुधात साखर विरघळवण्याची जी गोष्ट शाळेत सांगितली जाते ती या काव्यात नाही. तिथे आहे तो सरळ करार. परक्याने काय करायचं ते राजाने सांगितलं, परक्याने मान्य केलं, आणि राहायला जागा मिळाली.

पुढे हल्ल्यात संजाण पडलं तेव्हा झरथोष्ट्यांचा पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरात नेला गेला आणि किश्शाप्रमाणे तो तिथे बारा वर्षं राहिला. बोर्डीच्या माणसाला हा डोंगर बारडा म्हणून माहीत आहे. त्याच्या पायथ्याला तेव्हाही जंगलात राहणारे लोक असणारच. त्यांच्या बाजूने ही कथा कोणी लिहिलेली नाही.

पोर्तुगिजांच्या काळात परवाना पाण्यावर गेला. सोळाव्या शतकात डहाणू, तारापूर त्यांच्या हाती गेली आणि अरबी समुद्रात गलबत हाकायचं तर त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा पास लागू लागला. पास नसेल तर गलबत जप्त. १७३९ साली चिमाजी अप्पाच्या वसई मोहिमेत हा किनारा मराठ्यांकडे आला. पण पोर्तुगीज पुरते गेले नाहीत. १७८३ साली पेशव्यांनी जुन्या एका जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी नगर हवेलीच्या गावांचा महसूल त्यांना लावून दिला, आणि तलासरीच्या शेजारी परदेशी सत्तेचं एक बेट तयार झालं. त्याचं पुढे काय झालं ते क्रमाने येईलच.

१८६४ हे साल या पट्टीसाठी महत्त्वाचं ठरलं. त्या वर्षी सुरतेकडून आलेला बी. बी. अँड सी. आय. कंपनीचा लोहमार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. डहाणूचं लाकूड, कोळसा आणि गवत मुंबईच्या बाजारात एका दिवसात जाऊ लागलं. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सरकारने परकीयांविषयीचा कायदा केला. ब्रिटिश प्रजा नसलेल्या माणसाला देशाबाहेर काढण्याचा आणि गरज वाटल्यास त्याला परवान्याशिवाय फिरू न देण्याचा अधिकार त्यात होता. हा अधिकार युद्धाच्या आणि संशयाच्या काळासाठी राखून ठेवलेला होता. पोटासाठी आलेल्या माणसाने कोणाच्या घरी नोकरी करावी, यात सरकार पडत नसे.

अशा काळात इराणी आले. यझ्द आणि किरमान भागातल्या झरथोष्ट्यांवर तिथे जिझिया होता, रोजच्या जगण्यात अपमान होता, आणि १८७१च्या आसपास मोठा दुष्काळ पडला. मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ साली माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवलं होतं. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनी १८८२ साली जिझिया उठला. तोवर आणि त्यानंतरही कुटुंबांमागून कुटुंबं मुंबईला येत राहिली. हे लोक इराणच्या शहाची प्रजा होते, म्हणजे कायद्याने परदेशी. त्यातल्या अनेकांनी पहिली नोकरी केली ती पारशी घरांत, स्वयंपाकी म्हणून, वरकामाचा गडी म्हणून. तुलनेसाठी, थायलंडचा एखादा नागरिक आज आपल्या घरात म्यानमारची बाई कामाला ठेवतो तेव्हा तिला परवाना, नोंदणी, वैद्यकीय तपासणी यांतून जावं लागतं. मुंबईतल्या त्या इराण्याला यातलं काही लागलं नाही. भारतात पासपोर्टचा कायदाच १९२० साली आला, आणि परदेशी माणसाच्या नोंदणीचा १९३९ साली.

काहींनी शहरात चहाची दुकानं काढली. काहींनी रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला येऊन डहाणू, घोलवड, बोर्डीत जमिनी घेतल्या. इथल्या वाळूमिश्र जमिनीत त्यांनी आणि इतर बागायतदारांनी चिकू वाढवला. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा पाया त्या बागांत आहे. छळाला कंटाळून आलेल्या माणसाने दोन पिढ्यांत बाग उभी करावी, यात कौतुकाजोगं खूप आहे आणि ते करायलाच हवं. पण बाग उभी राहायला जमीन लागते, आणि त्या जमिनीवर आधी कोणीतरी होतं.

वारली माणसाची जमीन गेली ती एका दिवसात नाही. इंग्रजी मोजणीने जमिनीला रोख सारा लागला. १८७८च्या जंगल कायद्याने रान सरकारचं झालं. त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने ताडी आणि दारू मक्तेदाराच्या ताब्यात गेली, आणि १८९२ साली ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करण्यावरही बंधन आलं. मोह हे वारल्याचं पावसाळ्याआधीचं अन्नही होतं. रोख पैसा सावकाराकडेच मिळे, धान्य सावकाराकडेच मिळे, आणि दोन्हींची नोंद सावकाराच्याच वहीत होई. ती वही वारल्याला वाचता येत नव्हती. सावकार-जमीनदार एका जातीचे नव्हते. त्यांत पारशी, इराणी, गुजराती, मारवाडी, ब्राह्मण, मुसलमान सगळे होते. वारली सगळ्यांना सेठ किंवा सावकार म्हणे.

या व्यवस्थेचं सर्वांत क्रूर अंग लग्नात होतं. वारल्यांचं लग्न खर्चाचं. देज द्यायचं, पाड्याला जेवण घालायचं, ताडी-दारू आणायची, लग्न लावणाऱ्या धवलेरीला बोलवायचं, सवाशिणींनी भिंतीवर चौक लिहायचा. हातात काही नसेल तर जोडपं एकत्र राहू लागे आणि लग्न पुढे कधीतरी, मुलं झाल्यावरही लागे. समाजाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पण लग्न लावायचंच ठरलं तर पैसे सावकाराकडून आणावे लागत. तारण म्हणून वारल्याकडे द्यायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो स्वतः. कर्ज फिटेपर्यंत त्याने सावकाराच्या घरी आणि शेतावर राबायचं. त्याची बायकोही राबायची. मजुरी नाही, पोटापुरतं हलकं धान्य. अशा माणसाला लग्नगडी म्हणत.

कर्ज फिटत नसे, कारण फेड मोजणारा सावकार होता. आजारपणाचे दिवस, दिलेलं लुगडं, पावसाळ्यातली खावटी, सगळं वहीत चढे. काही जण आयुष्यभर लग्नगडी राहिले आणि त्यांच्या मुलांनी पुन्हा लग्नासाठी त्याच ओट्यावर जाऊन अंगठा उठवला. लग्नगड्याला दुसऱ्याकडे कामाला जायची मुभा नव्हती. पळाला तर धरून आणत. त्याच्या बायकोच्या अब्रूला सावकाराच्या वाड्यात संरक्षण नव्हतं. परदेशातून आलेल्या माणसाला इथे मालक बदलता येत होता, गाव बदलता येत होतं, नोकराचा मालक होता येत होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नव्हतं.

हे केवळ चळवळीतल्या लोकांनी सांगितलेलं नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करायला सांगितलं गेलं. १९३९चा त्यांचा अहवाल सरकारी कागदाला शोभेल अशा थंड भाषेत आहे, आणि म्हणूनच तो वाचताना अंगावर येतो. जंगलपट्टीतल्या कुळाला मालक लागतील तितके दिवस वेठीला धरतो, कुळ नकार देईल तर मार खातं, आणि दाद मागायची सोय नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. लग्नापायी गुलाम झालेल्या माणसांचा वेगळा उल्लेख त्यात आहे. सरकारकडे हा अहवाल होता. त्यानंतर सहा वर्षं लग्नगडी होते तिथेच राहिले.

हे बदललं ते १९४५ साली. गोदावरी परुळेकर या पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, कायद्याच्या पदवीधर. भारत सेवक समाजाच्या कामातून त्या आल्या होत्या, आणि डहाणूला येण्याआधी मुंबईत त्यांनी घरकाम करणाऱ्या नोकरांना संघटित केलं होतं. एका मालकाच्या घरात एकट्याने राबणाऱ्या माणसाची स्थिती त्यांनी शहरातही पाहिलेली होती. गिरणी कामगाराला शेजारी हजार कामगार असतात. घरगड्याला शेजारी कोणी नसतं. हे ज्ञान त्यांना वारल्यांमध्ये उपयोगी पडलं असणार.

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले, त्यांत माह्या धांगडा होते. आमच्याकडे या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव परुळेकर गेले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात परिषद झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. आज झरी तलासरी तालुक्यात आहे. तिथे ठरलेल्या गोष्टी मोजक्या होत्या आणि पाठ करता येतील अशा होत्या. वेठ करायची नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर जायचं नाही. मारायला आले तर सगळ्यांनी मिळून प्रतिकार करायचा. एकजूट मोडायची नाही.

मग लाल बावटा घेऊन जथे पाड्यापाड्यांतून फिरले. ते सावकाराच्या वाड्यापुढे उभे राहत आणि लग्नगड्याला हाक मारत. तो बाहेर आला की मोकळा झाला. कोर्टाचा हुकूम नव्हता, सरकारी अध्यादेश नव्हता, कर्जाचा हिशेबही कोणी मागितला नाही. काही आठवड्यांत या पट्टीतली लग्नगडीची प्रथा मोडून पडली. गुलामी संपवायला किती वेळ लागतो, याचं याहून स्पष्ट उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात सापडणं कठीण.

पुढे गोळीबारही झाला, तो मजुरीवरून. डहाणू-उंबरगावचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि त्यात व्यापाऱ्यांचा मोठा नफा होता. ऑक्टोबरात कापणीच्या तोंडावर वारल्यांनी ५०० पौंड गवताला अडीच रुपये मागितले आणि काम थांबवलं. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. त्यांचा स्मृतिदिन इथे अजून पाळला जातो. हा सगळा लढा गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ते आजही मराठीतल्या मोठ्या पुस्तकांत गणलं जातं.

देशाच्या कायद्याला इथवर यायला आणखी तीस वर्षं लागली. वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम २५ ऑक्टोबर १९७५पासून अमलात आला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला.

दरम्यान या पट्टीतल्या सीमा हलल्या. नगर हवेली आणि तलासरी यांच्यात वारली समाज एकच, सोयरीक एकच, पण १९४७नंतर मधली ओळ देशाची सीमा झाली. पलीकडचा वारली पोर्तुगालची प्रजा राहिला. नात्यातल्या घरी चार दिवस राहून मजुरी करून परतणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत परदेशी ठरला. त्याला ते कोणी सांगितलं असेल आणि सांगून कळलं असेल, असं वाटत नाही. जुलै १९५४मध्ये दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. आझाद गोमंतक दलाच्या तरुणांबरोबर तलासरीकडचे किसान सभेचे वारलीही त्या लढ्यात होते. पोर्तुगालने हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. दमणहून या गावांत जाण्यासाठी भारताच्या भूमीवरून वाट मिळण्याचा आमचा हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता तो हक्क १९५४ साली होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांच्यासाठी नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असं न्यायालयाने सांगितलं. चौदा-पंधरा न्यायाधीशांच्या त्या दालनात खाजगी माणसाचा जाण्यायेण्याचा हक्क मान्य झाला, आणि ज्या मुलखावरून हे सगळं चाललं होतं तिथला खाजगी माणूस बहुधा गवत कापत होता.

निकालाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १ मे १९६० उजाडला. मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका चिरला गेला. उंबरगाव, संजाण गुजरातेत गेले. उरलेल्या गावांची तलासरी झाली. काल शेजारच्या गावात कामाला जाणारा माणूस आज परराज्यात जाऊ लागला. त्याने आपलं गाव सोडलं नव्हतं, रस्ताही बदलला नव्हता.

कामासाठी गुजरातेत जाणं पुढे वाढतच गेलं. वापी, उंबरगाव, सरीगाम इथे औद्योगिक वसाहती झाल्या. डहाणू तालुका मात्र २० जून १९९१च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला आणि इथल्या कारखान्यांवर कडक मर्यादा आल्या. बागा, खाड्या आणि जंगल वाचवायचं तर ही अधिसूचना हवीच होती. तिच्या जोडीला इथल्या तरुणाला इथेच पुरेसं काम मिळेल अशी शेतीवर आधारलेली योजना हवी होती. ती झाली नाही, म्हणून सकाळच्या गाड्या वापीकडे भरून जातात.

आणि समुद्राने जाणारे वेगळेच. झाईपासून चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावरचे आणि आतल्या पाड्यांवरचेही अनेक पुरुष पोरबंदर, वेरावळ, ओखा इथल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांत आदिवासी पुष्कळ. पावसाळी बंदी उठण्याच्या सुमाराला गावचा तांडेल माणसं जमवतो. मालक उचल देतो, ती घरच्या पावसाळ्यात आणि पोरांच्या शाळेत खर्च होते, आणि मग हंगामभर ती फेडत राहायचं. उचल घेतल्यावर मध्येच परतता येत नाही. हा लग्नगडी नव्हे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्याला पगार आहे, हंगाम संपला की तो मोकळा आहे. पण कामाच्या आधी कर्ज, हिशेब मालकाकडे आणि करार तोंडी, या तीन गोष्टी त्याच्या पणजोबाला ओळखीच्या वाटल्या असत्या.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने १९७९ साली कायदा केला. २ ऑक्टोबर १९८०पासून तो लागू झाला. त्यात ठेकेदाराला परवाना, कामगाराला फोटो लावलेलं पासबुक, मासिक मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, सगळं लिहिलेलं होतं. पण तो ठेकेदारामार्फत नेलेल्या पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. मालकाने थेट बोलावून नेलेला एकटा माणूस, घरकामाला नेलेली मुलगी, बागेवर ठेवलेलं जोडपं हे त्या कायद्याच्या बाहेर राहिले. २०२०च्या नव्या संहितेने आपणहून गेलेल्या कामगारालाही व्याख्येत घेतलं, हे चांगलं झालं. पण आस्थापनेची अट पाचांवरून दहांवर नेली. बोटीवर सहा-सात जण असतात.

थायलंडचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण तिथे एकेकट्या नागरिकाच्या घरी, शेतावर आणि बोटीवर काम करणारे परदेशी लाखांनी आहेत. बहुतेक म्यानमार, लाओस आणि कंबोडियाचे. घरगडी ठेवणाऱ्या सामान्य माणसालाही तिथे सरकारदरबारी मालक म्हणून नोंद करावी लागते आणि परवान्यावर त्याचं नाव येतं. १९७९पासून त्या देशाने ३९ व्यवसाय आपल्या नागरिकांसाठी राखून ठेवले होते. २०१७ साली नवा हुकूम आला आणि बिनपरवाना माणूस ठेवणाऱ्या मालकाला दर कामगारामागे ४ ते ८ लाख बाथ दंड लावायचं ठरलं. परिणाम असा झाला की घाबरलेले हजारो मजूर काही दिवसांत सीमेपलीकडे पळाले, बांधकामं आणि मासळीबाजार ओस पडले, आणि सरकारला ती कलमं स्थगित करावी लागली. पुढच्या वर्षी दंड १० हजार ते १ लाखावर आणला. त्या व्यवस्थेत मोठा दोष आहे. परवाना एका मालकाशी बांधलेला असल्याने नोकरी सोडणं म्हणजे देशात राहण्याचा हक्क धोक्यात घालणं. मजूर वाईट मालकाला सहन करत राहतो. पण एक गोष्ट त्यातून घेण्याजोगी आहे. एका घरात एकच गडी असला, तरी तो कोणाकडे आहे हे सरकारला ठाऊक असतं. डहाणूचा माणूस गुजरातच्या बोटीवर, वसईच्या वीटभट्टीवर किंवा मुंबईच्या बंगल्यात कोणाकडे आहे, हे त्याच्या ग्रामपंचायतीलाही ठाऊक नसतं.

याची किंमत जीवाने चुकवावी लागते. ओख्याकडच्या समुद्रात भारत-पाकिस्तानची सागरी हद्द पाण्यावर दिसत नाही आणि सर क्रीकचा वाद सुटलेला नाही. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या बोटी येतात, मालकाची बोट जप्त होते, खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अशाच एका बोटीवर गोळीबार झाला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक तरुण खलाशी मारला गेला. मार्च २०२४मध्ये डहाणू तालुक्यातला एक कैदी खलाशी कराचीत वारला. त्याचं पार्थिव गावी यायला साधारण दीड महिना गेला. पकडलेल्या माणसाला सोडायचं तर आधी तो भारतीय आहे हे सिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी कागद लागतात. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात पोरबंदरची ‘कुबेर’ बोट वापरली गेल्यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालं. ते देशाच्या सुरक्षेसाठी होतं आणि योग्यच होतं. खलाशाची मजुरी किती, उचल किती, मालक कोण, अपघात झाला तर जबाबदार कोण, यातलं काही त्या कार्डावर नसतं.

आता वाणगावच्या बाजूलाच वाढवणच्या बंदराचं काम उभं राहत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली, खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या घरातला. इथल्या मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध जुना आहे आणि त्यामागे मासळीचं, उपजीविकेचं खरं भय आहे. बंदर झालं तर बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून मजूर येतील, जहाजांवरून परदेशी खलाशी उतरतील. परदेशी माणसासाठी नवा कायदा तयार आहे. १ सप्टेंबर २०२५पासून १९२०, १९३९ आणि १९४६चे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच कायदा आला आहे. बंदरातला परदेशी माणूस कागदावर व्यवस्थित नोंदला जाईल. वरोर किंवा झाईहून ओख्याला जाणारा माणूस नोंदला जाईल याची खात्री आज कोणी देत नाही.

यासाठी दिल्लीची वाट पाहायला नको. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी पावसाळी बंदी संपता संपता, खलाशी निघण्याआधी, एक वही उघडावी. तिच्यात माणसाचं नाव, तांडेल, मालकाचं नाव आणि फोन, बोटीचा नोंदणी क्रमांक, घेतलेली उचल आणि ठरलेला पगार लिहावा, आणि तेच खलाशाच्या बायकोच्या हातात सही-शिक्क्याने द्यावं. वीटभट्टीला आणि घरकामाला जाणाऱ्यांसाठीही हीच वही चालेल. ज्या मुलखात सावकाराच्या वहीने माणसं बांधली, तिथे गावाची स्वतःची वही असायला हवी. २१ मे २००८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. डहाणू आणि तलासरीतल्या काही घरांना आपला माणूस जिवंत आहे हे त्या दोन तारखांना कळतं.